नावाच्या शेवटी 'लॉल' असलेली गोळी: बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मामाचं आधी सांगते. माझा मामा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतो. अँजिओप्लास्टी झाल्यापासून त्याला मेटोप्रोलॉल ५० चालू आहे, रोज सकाळी एक. त्या वर्षी पुण्यातून निघताना त्याला वाटलं स्ट्रिप पिशवीत टाकलीय, आणि दिवे घाट चढून सासवडला पोचल्यावर बघतो तर बाकीच्या सगळ्या गोळ्या आहेत, हीच नाही. मामा म्हणाला चार दिवस नाही घेतली तर काय होतंय, रोज एवढं चालतोय, बीपी असंही उतरलं असेल. फोनसुद्धा केला नाही. चौथ्या दिवशी वाल्ह्याच्या मुक्कामात रात्री छातीत इतकं धडधडायला लागलं की शेजारच्या वारकऱ्याने उठून अँब्युलन्स बोलावली. नाडी १३० च्या वर, छातीवर दाब, दोन दिवस आयसीयू. सुखरूप घरी आला, पण थोडक्यात निभावलं.

मी सदाशिव पेठेत मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, बी फार्म केलंय, हीच गोळी दिवसातून कितीतरी वेळा देते, आणि माझ्या सख्ख्या मामाला हे माहीत नव्हतं की ही गोळी एकदम बंद करायची नसते. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. तेव्हापासून ज्याला ही गोळी देते त्याला दोन मिनिटं थांबवून सांगते, पण संध्याकाळी सातला काउंटरवर दहा माणसं उभी असताना सगळं सांगून होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. एक लक्षात ठेवा, डोस ठरवणं, बदलणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे, मी सांगतेय ते गोळी घरी आल्यानंतर ती नीट कशी सांभाळायची ते.

ही गोळी करते काय

आपण घाबरलो, चिडलो, धावलो की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं. ते हृदयावरच्या बीटा नावाच्या जागांवर जाऊन बसतं आणि ठोके वाढतात, हृदय जोरात पंप करायला लागतं. बीटा ब्लॉकर त्याच जागांवर आधी जाऊन बसतो, म्हणजे ॲड्रेनलिन आलं तरी त्याला जागा मिळत नाही. ठोके कमी, जोर कमी, आणि म्हणून हृदयाला लागणारा ऑक्सिजनही कमी. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधलं ते याच विचाराने, की हृदयाला रक्त जास्त कसं पोचवायचं याच्या मागे लागण्यापेक्षा हृदयाची गरजच कमी करू. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

आता या जागा दोन प्रकारच्या असतात हे समजून घ्या, कारण पुढची अर्धी काळजी यावरच आहे. बीटा १ मुख्यतः हृदयात आणि किडनीत, बीटा २ फुप्फुसाच्या नळ्यांत आणि रक्तवाहिन्यांत. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल या गोळ्या जास्त करून बीटा १ वर काम करतात. प्रोप्रॅनोलॉल दोन्हींवर करते. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटॅलॉल दोन्ही बीटांवर आणि वर अल्फा नावाच्या जागांवरही, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि उठताना चक्कर येण्याची शक्यता जास्त.

पहिलं काम: डबा उघडा आणि 'लॉल' शोधा

घरातला गोळ्यांचा डबा घ्या, सगळ्या स्ट्रिप टेबलावर काढा. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचायचं. चष्मा लागला तरी वाचा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. शेवटी लॉल आलं की तो बीटा ब्लॉकर. मेटोलार, सेलोकेन, सिप्लार, कॉनकॉर, ब्रँड कुठलाही असो, आत लॉलच आहे.

हे का सांगते तर मागे एक काकू काकांना हाताला धरून घेऊन आल्या, यांना सतत चक्कर येते, ताकद यायला काहीतरी द्या म्हणाल्या. मी म्हटलं आधी चालू असलेल्या गोळ्या दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या स्ट्रिप रबरबँड लावून आणल्या होत्या. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं मेटोप्रोलॉल होतं, आणि जुन्या फॅमिली डॉक्टरांची बीपीची एक कॉम्बिनेशन गोळी होती, ॲम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल एकत्र. म्हणजे दोन लॉल! दोन्ही डॉक्टरांना दुसऱ्याची गोळी माहीत नव्हती, आणि काका इमानेइतबारे दोन्ही घेत होते. तिथेच काउंटरवर काकांची नाडी मोजली तर ४६. मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी एक गोळी कमी केली, आणि पंधरा दिवसांनी काका स्वतः चालत दुकानात आले.

कॉम्बिनेशन गोळ्यांत लॉल लपलेलं असतं हे ध्यानात ठेवा. बीपीच्या गोळ्यांत, मायग्रेनच्या गोळ्यांत, घबराटीसाठी देतात त्या गोळ्यांतसुद्धा.

दुसरी गडबड नावांची. मेटोप्रोलॉल आणि मेटफॉर्मिन, एक हृदयाची आणि एक शुगरची, दोन्हींना घरात 'मेट'च म्हणतात, आणि पाठोपाठ एक्सएल, एक्सआर, एसआर असलं काहीतरी. फोनवरून 'मेटची स्ट्रिप पाठवा' असं सांगू नका. चिठ्ठीचा फोटो पाठवा. मेटोप्रोलॉलमध्येही दोन क्षार येतात, सक्सिनेट आणि टार्ट्रेट. सक्सिनेट सहसा हळूहळू सुटणारी असते, दिवसातून एकदा. साधी टार्ट्रेट बहुधा दोनदा. स्वस्त मिळाली म्हणून एकाच्या जागी दुसरी घेऊन चालत नाही. जनऔषधीतली जेनेरिक घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त क्षाराचं नाव, मिलिग्रॅम आणि प्रोलॉन्ग्ड रिलीज (हळूहळू सुटणारी) आहे की नाही हे तिन्ही जुळवून घ्या.

तुम्हाला ही कशासाठी दिलीय ते विचारा

ही गोळी घेणाऱ्या माणसाला विचारलं तर दहातले बरेचजण 'बीपीची' म्हणून सांगतात. पण तसं असेलच असं नाही, आणि कारण माहीत नसलं की बीपी नॉर्मल आलं की माणूस गोळी सोडून देतो.

नुसत्या बीपीसाठी आजकाल बहुतेक वेळा आधी दुसऱ्या गोळ्या देतात, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वगैरे. बीटा ब्लॉकर देतात तेव्हा सहसा सोबत आणखी काही कारण असतं. अंजायना, म्हणजे चालताना छातीत दाब येणं. हार्ट अटॅकनंतर. अनियमित ठोके, ज्यात हृदय वाटेल तसं पळतं आणि त्याला लगाम घालायचा असतो. आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे पंपिंग कमी झालेलं. यात पूर्वी बीटा ब्लॉकर द्यायचाच नाही असं मानायचे, कारण आधीच कमजोर हृदयाला आणखी दाबायचं कशाला, पण पुढे मोठमोठ्या ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवर केलेल्या औषधाच्या चाचण्यांत, उलटं दिसलं, की हळूहळू वाढवत नेलं तर माणसं जास्त जगतात. त्यासाठी कुठलंही लॉल चालत नाही, मुख्यतः कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट.

हार्ट अटॅकनंतर किती वर्षं घ्यायची यावर डॉक्टरांमध्येच सध्या विचार बदलतोय. २०२४ मध्ये आलेल्या रिड्यूस-एएमआय नावाच्या ट्रायलमध्ये, ज्यांचं पंपिंग अटॅकनंतरही चांगलं आहे अशांना या गोळीने खास फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका फ्रेंच ट्रायलमध्ये, आधीपासून घेत असलेल्यांनी बंद केल्यावर काहींना पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर 'अटॅकनंतर बीटा ब्लॉकरची गरज नाही' असं आलं की लगेच गोळी बंद करू नका, टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा, त्यात पंपिंग कळतं) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हा प्रश्न त्यांना सरळ विचारा. विचारण्यासारखाच प्रश्न आहे.

हृदय सोडूनही ही गोळी खूप ठिकाणी लागते. थायरॉइड वाढलं की होणारी धडधड आणि थरथर, मायग्रेन वारंवार येऊ नये म्हणून (चालू झालेलं डोकं ती थांबवत नाही, आणि गुण यायला दीड-दोन महिने लागू शकतात), हात कापण्याचा आजार, लिव्हर सिरोसिसमध्ये अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून, गरोदरपणातल्या बीपीसाठी लॅबेटॅलॉल. लहान बाळांच्या अंगावर लाल रक्तवाहिन्यांची गाठ वाढते त्यावरही प्रोप्रॅनोलॉल देतात, हे २००८ मध्ये फ्रान्समध्ये योगायोगाने लक्षात आलं, हृदयासाठी औषध दिलं होतं आणि गाठच ओसरायला लागली.

कुणी घ्यायची नाही

आमच्या भागात एमपीएससीची मुलं खूप. मुलाखतीचे दिवस आले की, नाहीतर पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या आधी नाटकवाली मुलं, 'सिप्लार १० ची दोनच गोळी द्या' म्हणून येतात. कुणीतरी रूममेटने सांगितलेलं असतं की हात कापत नाहीत, आवाज थरथरत नाही. तसा उपयोग होतो हे खोटं नाही, डॉक्टर कधीकधी देतातही. पण मागच्या वर्षी एक मुलगा आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल, आणि शर्टाच्या खिशातून निळा पंप डोकावत होता. दम्याचा. मी म्हटलं ही गोळी तुला चालणार नाही. तो चिडला, म्हणाला उद्या मुलाखत आहे मॅडम, तुम्हाला काय कळणार. मी त्याला बाजूला बसवलं आणि सांगितलं, अरे सिप्लार म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, ती फुप्फुसातल्या बीटा २ वर पण बसते, नळ्या आवळल्या जातात, आणि तेव्हा तू हा निळा पंप ओढशील तर त्यातलं औषधही त्याच जागांवर काम करतं ना, जागा अडलेल्या असल्या तर पंपही नीट चालत नाही. एकदम गप्प झाला. तसाच मुलाखतीला गेला, नंतर येऊन थँक्यू म्हणाला.

तर दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल, लॅबेटॅलॉल नकोच. बीटा १ वाल्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांनी विचार करूनच द्यायच्या. ज्यांची नाडी मुळातच खूप कमी आहे, ज्यांना ईसीजीत हार्ट ब्लॉक सांगितलाय (रक्तवाहिनीतला ब्लॉकेज नव्हे, ठोक्यांचा विजेचा संदेश अडतो तो) आणि पेसमेकर नाही, ज्यांचं हार्ट फेल्युअर आत्ता बिघडलेलं आहे, अंगावर पाणी चढलंय, त्यांनाही ही गोळी नव्याने सुरू करत नाहीत. ॲटेनोलॉल किडनीवाटे बाहेर जाते, रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. ॲटेनोलॉल चालू असताना दिवस राहिले तर लगेच सांगा, बदलून देतात.

बालेवाडीला नेमबाजीचा सराव करणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी एक, या गोळ्या नेमबाजी आणि तिरंदाजीत बंदीच्या यादीत आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली होती. मायग्रेनसाठी दिलेली असली तरी आधी विचारून घ्या.

घ्यायची कशी

रोज एकाच वेळी. कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी घेतली तर बीपी झटकन उतरून चक्कर येते. हळूहळू सुटणारी गोळी चावायची नाही, खलबत्त्यात कुटायची नाही. आजी-आजोबांना गिळता येत नाही म्हणून कुटून मधातून देतात, तसं केलं तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. काही गोळ्यांवर मधे रेघ असते, त्या रेघेवर अर्धी करता येते, पण आधी विचारून.

पहिले दोन-तीन आठवडे थकवा वाटतो. जिने चढताना पाय जड, हात-पाय गार, काहींना रात्री विचित्र स्वप्नं (प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलने जास्त, कारण त्या मेंदूपर्यंत पोचतात). बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं. हार्ट फेल्युअरवाल्यांचा डोस अगदी बारीक सुरू करतात, कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅमपासून, आणि साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. त्या काळात रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, उशी उंच घेतल्याशिवाय झोप येईना, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

पुरुषांना संबंधांच्या वेळी अडचण येऊ शकते. हे कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात, आणि ती बंद केल्याचं बायकोलाही माहीत नसतं. कृपा करून डॉक्टरांना सांगा, नेबिव्होलॉलसारखा पर्याय असतो, त्यात हा त्रास कमी दिसतो. आणि मित्राने दिलेली 'ती' गोळी स्वतःहून घेऊ नका, सोबत सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी गोळी चालू असेल तर बीपी इतकं खाली जातं की जीवावर बेततं.

नाडी मोजायला शिका

पाच मिनिटं शांत बसा. डावा हात मांडीवर, तळवा वर. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे या, हाडाच्या आतल्या बाजूला जो खोलगट भाग लागतो तिथे उजव्या हाताची मधली तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठा लावायचा नाही, त्याला स्वतःची नाडी असते, मोजण्यात घोळ होतो. दाबू नका, जास्त दाबलं की नाडी हरवते. घड्याळ बघून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजायचे. बीपीच्या मशीनवर खाली येणारा आकडा नाडीचाच असतो, पण अनियमित ठोक्यांत तो चुकू शकतो म्हणून हाताने मोजता यायला हवं.

ही गोळी घेणाऱ्यांची नाडी ५५-६० असणं चालतं, बऱ्याचदा तेच हवं असतं. ५० च्या खाली आली, किंवा त्याहून जास्त असून चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, खूप गळून गेल्यासारखं होत असेल, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन. माणूस बेशुद्ध पडला, श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, नाडी ४० च्या आसपास, तर थेट १०८.

तळजाई, पर्वती, वेताळ टेकडीला जाणाऱ्यांनी एक समजून घ्या, घड्याळातलं 'हार्ट रेट झोन' तुम्हाला लागू नाही. गोळी ठोके वाढूच देत नाही, त्यामुळे घड्याळ म्हणतं व्यायाम झाला नाही आणि माणूस आणखी जोर लावतो. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

शुगरवाल्यांसाठी

शुगर कमी झाली की धडधडतं, हात कापतात, ही शरीराची घंटा असते. बीटा ब्लॉकर ती घंटा बरीचशी बंद करतो. घाम मात्र येतो. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा शुगर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अचानक घाम फुटला, भूक लागली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं की धडधडीची वाट न बघता ग्लुकोमीटर लावायचा. अंगारकीचा, नवरात्राचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सोबत काय चालत नाही

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, याही हृदयाच्याच गोळ्या, पण त्याही ठोके कमी करतात, दोन्ही एकत्र झाल्या तर हृदय फारच मंदावू शकतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना म्हणूनच चिठ्ठी नेणं गरजेचं. गुडघेदुखीसाठी रोजच्या रोज डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं तर बीपीवरचा परिणाम कमी होतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत बीपी वाढवणारं औषध असतं, ती विचारून घ्या. मायग्रेनसाठी रिझाट्रिप्टान घेत असाल आणि प्रोप्रॅनोलॉलही चालू असेल तर रिझाट्रिप्टानचा डोस कमी ठेवावा लागतो. अर्जुनारिष्ट, अर्जुनाच्या सालीचं चूर्ण घेत असाल तर सांगून घ्या, पण त्याच्या भरवशावर ही गोळी सोडू नका.

आणि डोळ्यांचे ड्रॉप्स! काचबिंदूसाठी टिमोलॉल देतात, बघा, तेही लॉलच. डोळ्यात टाकलेला थेंब नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो, त्यामुळे नुसत्या ड्रॉप्सनेही नाडी मंद होऊ शकते, दमा उठू शकतो. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा आतला कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा.

ऑपरेशन असेल, दात काढायचा असेल, आधी सांगा. ऑपरेशनच्या दिवशी ही गोळी बहुतेक वेळा चालूच ठेवतात, स्वतःहून सोडायची नाही. टीएमटीच्या (ट्रेडमिलवर चालवून करतात त्या हृदयाच्या तपासणीच्या) आधी कधीकधी थांबवायला सांगतात, पण ते त्यांनी सांगितलं तरच. आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. चुकून जास्त गोळ्या गेल्या, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल, तर माणूस ठीक दिसत असला तरी थांबू नका, स्ट्रिप सोबत घेऊन ताबडतोब हॉस्पिटल.

बंद करायची असेल तर, आणि प्रवासात

मामाला झालं ते का झालं? बीटाच्या जागा बरेच दिवस अडवून ठेवल्या की शरीर नवीन जागा तयार करतं. मग गोळी एकदम काढली की त्या सगळ्या वाढलेल्या जागांवर ॲड्रेनलिन तुटून पडतं, आधीपेक्षा जास्त जोराने. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्यांना याने अंजायना, अटॅकसुद्धा येऊ शकतो. म्हणून बंद करायची झाली तर डॉक्टर एक-दोन आठवडे किंवा जास्त काळ घेऊन पायरीपायरीने कमी करतात, आणि त्या दिवसांत जड कामं, धावपळ टाळायची.

एखादा डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. उलट्या होत असतील, गोळी पोटात टिकत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

स्ट्रिपमध्ये सात गोळ्या राहिल्या की नवीन आणायची. गावाला, यात्रेला, लग्नाला जाताना जितके दिवस त्याच्या दीडपट गोळ्या, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये. संपल्याच तर जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन चिठ्ठी दाखवा, अगदी छोट्या गावातही मेटोप्रोलॉल मिळते.

मामा पुढच्या वर्षी पुन्हा वारीला गेला, डॉक्टरांना विचारून, थोडं चालत थोडं गाडीत. एक स्ट्रिप सदऱ्याच्या आतल्या खिशात, एक मामीच्या पिशवीत, आणि एक दिंडीच्या ट्रकमध्ये त्याच्या वळकटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कारण पावसात स्ट्रिप भिजतात. वाल्ह्याहून रात्री मला फोन केला, म्हणाला मोजली, चौसष्ट आहे.